यीस्टमधला माणूस

जोतीराम साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पाण्याची मोटर कधी लावायची हेसुद्धा नाही. एकतीस वर्षं त्यांनी मळीच्या टाक्यांत यीस्ट वाढवलं होतं. बारामतीच्या घरात आता त्यांच्याकडे टीव्हीचा रिमोट होता, तोही सिरियल नसेल तेव्हा.

म्हणून रविवारी सकाळी सूनबाईनं, तेजश्रीनं, ओट्यावर यीस्टचं पाकीट ठेवलं तसे ते पेपर टाकून उठले. तेजश्रीची आई केसरबाई आणि चुलते म्हस्कू अंथुर्ण्याहून जेवायला येणार होते. बेत छोले-भटुऱ्यांचा होता.

"पाव चमचा, कोमट पाणी, तासभर झाकून," तेजश्री मोबाईलवर बघत म्हणाली.

"कोण म्हणतंय?"

"दिल्लीच्या एक बाई आहेत, आबा."

"त्यांनी किती टाक्या चालवल्या? समदं पाकीट घाल. अन् साखर न्हाय, काकवी. यीस्टला मळीची सवय असती."

"आवं, भटुरं तळायचीत," जोतीरामांच्या पत्नी दगडाबाई म्हणाल्या. "टँकर भरायचा न्हाय."

जोतीरामांनी वाटीभर काकवी ओतून मैदा स्वतः मळला, स्टीलच्या डब्यात कोंबला आणि झाकण गच्च दाबलं. "हवा लागली की यीस्ट नुसतं खात बसतं, काम करत न्हाय." हेच वाक्य ते पूर्वी ऑफिसातल्या लोकांबद्दल वापरत. मग डबा गोधडीत गुंडाळून नऊ वाजता गच्चीवर, मे महिन्याच्या उन्हात ठेवला.

दीड वाजता पाहुणे ताटावर बसले आणि वर झाकण उडून पाण्याच्या टाकीवर आदळलं. जोतीराम डबा दोन्ही हातांत धरून, सत्काराला निघाल्यासारखे जिना उतरले. वास त्यांच्या आधी खाली पोचला होता.

केसरबाईंनी नाकाला पदर लावला आणि सवयीनं दिराकडं बघितलं.

"मी काय बी केलं न्हाय, वैनी," म्हस्कू म्हणाला. "सकाळपास्नं तुमच्याच शेजारी हाय."

केसरबाईंची नजर डब्याकडं वळली. "इवाई, हे खायाचं का प्यायाचं?"

दगडाबाईंनी एक भटुरा तेलात सोडला. तो तळाशी गेला, पोटभर तेल प्याला आणि चपलेच्या रंगाचा होऊन वर आला. फुगला मात्र नाही. मग तेजश्रीनं ओल्या फडक्याखालचं दुसरं पातेलं पुढं ओढलं. पाव चमचा, कोमट पाणी, तासभर. त्यातला पहिलाच भटुरा असा टम्म झाला, की झाऱ्यावर मावेना.

"पाकिटं दोन आणली होती," ती म्हणाली. "आबा मदत करणार हे माहीत होतं ना."

केसरबाईंनी सहा भटुरे खाल्ले आणि कृती लेकीला विचारली. जोतीरामांनी दोन खाल्ले, चांगले झालेत हे कुणाला कळू न देता. मग डबा उचलून ते पीठ टाकायला परसात गेले.

मागोमाग म्हस्कू हात पुसत आला.

"साहेब," तो म्हणाला.

जोतीरामांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी साहेब नव्हता.

"यीस्ट किती घातलंत? काकवी किती? अन् ऊन किती तास?"

"भटुऱ्यांसाठी?"

"भटुऱ्यांचं ऱ्हाऊ द्या."

घरातून दिल्लीच्या बाईंचा आवाज येत होता. तेजश्री आईला व्हिडिओ दाखवत होती, आणि दगडाबाईही मान डोलवत होत्या. जोतीरामांनी डबा कठड्यावर नीट ठेवला, त्यावर हाताचं झाकण धरलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"वही आणलीय का?"

म्हस्कूनं मान हलवली.

"मग ध्यानात ठेव," जोतीराम म्हणाले. "पैल्यांदा चाळीस हजार लिटरची टाकी घ्यायची."