फुटलेल्या तापमापकाचे आकडे

पाय मोडून तीन महिने घरी बसलेल्या निरीक्षकबाई वेधशाळेत परतल्या आणि आधी अंगणातल्या पांढऱ्या पेटीशी गेल्या. पहाटेचं किमान तापमान दाखवणारा तापमापक पेटीत नव्हता. शिपाई म्हणाला, तुम्ही गेल्यावर आठवड्यातच तो फुटला, नवा अजून यायचाय. बाईंनी नोंदवही उघडली. सगळे रकाने भरलेले. नसलेल्या तापमापकाने रोज सकाळी इमानेइतबारे आकडा दिला होता. त्यांनी गेल्या वर्षीची पानं काढून ताडून पाहिलं. तेच आकडे, प्रत्येकात अर्धा अंश वाढवलेला. पाय मोडेपर्यंतच्या बावीस वर्षांत, सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा, त्यांनी सकाळची नोंद चुकवली नव्हती.

त्या वही घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. अहवालाची मुदत डोक्यावर आली होती, मोकळे रकाने वाईट दिसले असते, असं काहीबाही सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तापमान वाढतंय हे खरंच आहे ना, बाई? मग एवढं काय मनाला लावून घेता?"

"खरं आहे, तर खोटं कशाला लिहिलंत?"

साहेबांनी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

रात्री जेवताना बाईंनी हे नवऱ्याच्या कानावर घातलं. समोर धाकटे दीर जेवत होते, याचं त्यांना भान राहिलं नाही. दीर कारखानदारांच्या संघाचे प्रवक्ते. तापमानवाढ हे थोतांड, असं ते सभेसभेतून सांगत फिरत. चौथ्या दिवशी पेपरात छापून आलं, की वेधशाळेतल्या बाईंनीच कबुली दिली, सगळे आकडे बनावट. त्याच आठवड्यात कारखान्यांच्या धुराड्यांवरचा नवा नियम लांबणीवर पडला.

बाईंनी दिरांना फोन करून सुनावलं, की त्याच वहीत बावीस वर्षांचे खरे आकडेही आहेत आणि तेही चढतच गेलेत.

दीर हसले. "ती पानं कोण वाचतंय, वहिनी?"

फोन ठेवून बाईंनी कान पुसला. एकाने अहवालासाठी, दुसऱ्याने धुराड्यांसाठी, दोघांनीही त्यांच्या वहीला हात पुसले होते. कोणाची जास्त किळस यावी, हेच त्यांना कळेना.

त्यांनी स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं: पंच्याऐंशी नोंदी खोट्या, त्या रद्द करा; बाकीच्या खऱ्या, येऊन तपासा. पेपरने ते कोपऱ्यात, बारीक अक्षरात छापलं. खात्यातली गोष्ट बाहेर का बोललात, म्हणून खात्याने बाईंकडूनच खुलासा मागवला आणि चौकशीवर साहेबांनाच नेमलं. नियम लांबला तो लांबलाच.

नवरा म्हणाला, काही झालं तरी भाऊ आहे, तोडून कसं चालेल?

"भाऊ तुमचा," बाई म्हणाल्या, "वही माझी."

त्यानंतर दिरांना त्यांनी घरात पाणीही विचारलं नाही.