मनकर्णाची ओ

मित्रांनो, मी रुळाचा एक हातभर तुकडा आहे. गंजलेला आहे म्हणून नाक मुरडू नका. एके काळी माझ्या पाठीवरून कोळशाच्या मालगाड्या गेल्या आहेत. पुढे रूळ बदलले, मला कापलं, आणि फिरत फिरत मी गडचांदूरपलीकडच्या एका चुनखडीच्या खाणीत आलो. लटारूभाऊने मला नाल्याकाठच्या पळसाला टांगलं.

लटारूभाऊ खाणीचा राखणदार. सुरुंग उडायच्या आधी फाटकावर उभं राहायचं, एवढंच त्याचं काम कागदावर होतं. भोंगा झाला की सुरुंगाला बत्ती, असंही कागद म्हणे. पण मेला तो भोंगा पाळी सुटली तरी वाजे आणि जेवणाची सुट्टी झाली तरी वाजे. नाल्यापलीकडे शेळ्या चारणाऱ्या मनकर्णाबाईने त्यातला सुरुंगाचा कोणता समजायचा?

म्हणून लटारूभाऊ फाटकाला साखळी लावून नाल्यावर येई आणि मला दणादण ठोके. मनकर्णाबाई शेळ्या हाकत मोठ्या बांधामागे जाई आणि तिथून लांबलचक ओ देई. ओ ऐकली की भाऊ लाल बावटा हलवी, मग मुकादम धनराज बत्ती देई. बारा वर्षं असं चाललं. शाबासकी कुणी दिली नाही, पण कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मला याचा फार अभिमान होता.

मग स्वप्निल साहेब आले, सुरक्षेचे नवे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. कोण आपलं काम कसं करतं, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. हातात छापील कागद होता.

"लटारूभाऊ, सुरुंगाआधी तुम्ही नेमकं काय करता?"

भाऊने कागदाकडे पाहिलं. फाटक सोडतो म्हटलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. तो म्हणाला, "लिवलं हाय तसंच करतो, साहेब. फाटकावर उभा राह्यतो."

"आणि हा रूळ?"

"तो असाच लटकून हाय."

धनराज बाजूलाच होता. तो मान खाली घालून तंबाखू मळत राहिला. साहेबांनी खडूने माझ्यावर 'निरुपयोगी' लिहिलं आणि मला भंगारखोलीत टाकलं. एवढा राग मला कधी आला नव्हता.

चौथ्या दुपारी भाऊ कागदाप्रमाणे फाटकावरच उभा राहिला, भोंगा झाला आणि सुरुंग उडाला. जमीन हादरली, खोलीचे पत्रे थरथरले आणि मी आपोआप वाजलो. स्फोट झाल्यावर वाजलो, मित्रांनो. उडालेला दगड मनकर्णाबाईला लागला होता. ती जागीच गेली.

त्यानंतर प्रत्येक सुरुंगाला मी अंधारात वाजत असे. कामगार म्हणत, भंगारखोलीत बाई रडते. कुणी तिकडे फिरकेना. त्यांना काय सांगू, मलाही तो आवाज माझा वाटत नसे.

महिनाभराने साहेब पुन्हा चौकशीला आले. या वेळी हात रिकामे होते. लटारूभाऊ त्यांना थेट माझ्यापाशी घेऊन आला आणि माझ्यावर हात ठेवून खाली बसला.

"मी तुमाले खोटं सांगितलं, साहेब. रोज नाल्यावर जात होतो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी कागद धरून इचारून राह्यले होते. मले वाटलं, चूक पकडून राह्यले." त्याने माझ्यावरचा हात काढला नाही. "रूळ काढल्यावर मनकर्णा मले बाजारात म्हने, 'आता कोनत्या भोंग्यावर ध्यान देऊ, भाऊ?' मी तिले काहीच सांगू शकलो नाई."

साहेब त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. मग माझ्यावरचा खडू त्यांनी हाताने पुसून काढला.

आता मी पुन्हा पळसाला आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे साहेब व्हाल. माणूस काम कसं करतो हे कळायला हवं असेल, तर त्याच्याबरोबर दिवसभर उन्हात उभे राहा. आणि खरं सांगितल्याबद्दल त्याची भाकरी काढून घेऊ नका, एवढंच या म्हाताऱ्या लोखंडाचं मागणं.

शेळ्या आता मनकर्णाबाईची जाऊ सुकरी चारते. भाऊ मला ठोकतो, बांधामागून सुकरी ओ देते. तरी तो लगेच बावटा उचलत नाही. आणखी एक ओ यायची असल्यासारखा कान देऊन अजून थोडा थांबतो. तिकडे धनराजही थांबतो. साहेबांनी नवा कागद लिहिला, त्यात माझे ठोके आहेत, ओ आहे, पण हे थांबणं नाही.