यादीत नसलेलं साल

इदोवूने ऑनलाइन अर्जातली जन्मसालांची यादी तिसऱ्यांदा खाली ओढली. दोन हजार सात, सहा, पाच करत यादी सरकली आणि एकोणीसशे पंच्याण्णववर येऊन थांबली. तिने माउस उचलून टेबलावर आपटला आणि पुन्हा ओढून पाहिलं. पंच्याण्णवच्या खाली काही नव्हतंच. तिचा जन्म ब्याण्णवचा होता.

"माउस माझा आहे, कंपनीचा नाही," मागून साकिरू म्हणाला. इंटरनेट कॅफे त्याचा होता. बाहेर त्याचा जनरेटर धडधडत होता, कारण इबादान शहराच्या त्या भागात सकाळपासून वीज नव्हती. "त्याला कशाला मारतेस?"

"साकिरू, इथे माझं सालच नाही."

"त्यांना तिशीपर्यंतचे हवेत. वर लिहिलंय बघ."

"वर आठ वर्षांचा अनुभव पाहिजे असंही लिहिलंय. पदवी घ्यायची, सरकारची सक्तीची सेवा करायची, वर आठ वर्षं नोकरी, आणि हे सगळं तिशीच्या आत. मग काय, आईच्या पोटातून टाय लावूनच यायचं होतं का मी?"

साकिरू हसला. शेजारच्या मशीनवरचा माणूसही हसला. इदोवूला मात्र हसू आलं नाही. दोन वर्षं ती या खुर्चीत बसून अर्ज भरत होती. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना, अशी या जाहिरातींची तऱ्हा. अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही. बऱ्याच अर्जांना उत्तर येत नसे. एकदा आलं होतं, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावाने. पण ही जाहिरात वेगळी होती. ओगीची, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पेजेची, पावडर डब्यात भरून विकणारा कारखाना, आणि त्यात गुणवत्ता तपासनीस. इदोवूने अन्नप्रक्रियेत पदवी घेतली होती, आणि घरी आईची ओगी तर ती जन्मापासून नाकाने तपासत आली होती. मका भिजून किती आंबला हे तिला भांड्याचं झाकण उचलताच कळे. ही नोकरी आपलीच आहे असं तिला मनापासून वाटलं होतं. आणि घोडं अडलं कुठे, तर सालापाशी.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? ॲफिडेव्हिट कर," साकिरू म्हणाला. "कोर्टात घरातलं कुणी मोठं माणूस न्यायचं, त्यानं शपथेवर सांगायचं की पोरगी अमुक दिवशी जन्मली. लागला शिक्का. साठीला निवृत्त व्हायला नको म्हणून माझे एक काका सहा वर्षं झाली एकोणसाठचेच आहेत. पुढच्या वर्षी अठ्ठावन्नचे होतील बहुतेक."

"आणि माझी आई शपथेवर खोटं बोलेल?"

"विचारून तर बघ. उद्या चारपर्यंत मुदत आहे."

इदोवूने मशीन बंद केलं.

घरी आई अंगणात ओगी गाळत बसली होती. दळलेला आंबट मका पांढऱ्या फडक्यात घालून ती दोन्ही हातांनी पिळत होती. गल्लीत तिला सगळे इया इबेजी म्हणत, म्हणजे जुळ्यांची आई. पहिली जुळी मुलं झाली की बाईचं हेच नाव पडतं. जुळ्यांच्या पाठीवरचं मूल इदोवू, आणि इदोवूच्या पाठीवरचं अलाबा. ही नावं मूल येण्याआधीच ठरलेली असतात, त्यात आईबापाला कुणी विचारत नाही. इदोवू हट्टीच निघणार, हेही तसंच ठरलेलं.

इदोवूने कॅफेतली हकीकत विनोद म्हणून सांगितली. साकिरूच्या काकांपर्यंत आली तरी आई हसली नाही. ती फडकं पिळतच राहिली.

"किती वर्षं जास्त होतात?" आईने विचारलं.

"तीन."

"तुझा पाच वर्षांचा कोर्स किती वर्षांत झाला?"

"आठ. प्राध्यापकांचे संप होते ना."

"झालं तर. ती तीन तुझी नव्हेत. संपानं खाल्ली. वजा कर."

इदोवू बघतच राहिली. लहानपणी पातेल्यातला मटणाचा एक तुकडा खाल्ला आणि नाही म्हटलं, म्हणून हिनेच सगळ्या गल्लीदेखत तिच्या कानफटात मारली होती. मांस खाल्ल्याबद्दल नव्हे, खोटं बोलल्याबद्दल.

"आई, शपथ घ्यावी लागते. बायबल हातात धरून."

"मला माहितेय ॲफिडेव्हिट म्हणजे काय. मी काय काल आले का या शहरात?" आईने हात झटकले. "एकोणीस फेब्रुवारी सांगू. पंच्याण्णव."

"एवढ्यात तारीखही काढलीस?"

"खोटी तारीख सांगायची तर लक्षात राहील अशी पाहिजे," आई म्हणाली आणि फडक्यातला चोथा कोंबड्यांपुढे टाकायला उठली.

इदोवूने होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. दोन वर्षांनी माणूस थकतो. वाकायला नको म्हणणारी पाठही एखाद्या दिवशी आपणहून वाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कोर्टाच्या आवारात पोहोचल्या. आईने रविवारचा निळा पोशाख घातला होता आणि डोक्याचं कापड कडक बांधलं होतं. फाटकाजवळ मोठ्या छत्र्यांखाली टायपिस्ट बसले होते, प्रत्येकापुढे एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. त्यातल्या एका चष्मेवाल्या बाईने हात करून बोलावलं. "वयाचं ना? या, या. मजकूर तयारच आहे, नाव नि तारीख घातली की झालं. शपथ कोण घेणार? इया, तुम्ही बसा या स्टुलावर. मुलीचं नाव?"

"इदोवू," आई म्हणाली.

"अरे वा, जुळ्यांच्या पाठीवरची! म्हणजे हट्टी." बाईची बोटं चालूच होती. "आणि अलाबा कुठंय?"

प्रश्न काही वावगा नव्हता. इदोवूचं नाव निघालं की पुढे अलाबाची चौकशी होतेच, पावसामागून चिखल यावा तशी. इदोवूने आयुष्यात हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता. दर वेळी आई विषय बदलायची.

"अलाबा नाही," आई म्हणाली.

बाईची बोटं थांबली. "माफ करा, इया. देव तुमची बाकीची लेकरं सांभाळो." थोड्या वेळाने तिने हलक्या आवाजात विचारलं, "हिची जन्मतारीख?"

"एकोणीस फेब्रुवारी पंच्याण्णव. रविवार होता. मी चर्चला निघाले होते. डोक्याचं कापड बांधून झालं होतं, ते सोडायलाही वेळ मिळाला नाही. वीज नव्हती, पण खिडकीतून ऊन आलेलं, म्हणून—"

"वार नको, इया. तारीख पुरे."

इदोवूने आईकडे पाहिलं. आई समोर, कोर्टाच्या भिंतीकडे बघत होती. खोट्या तारखेला वार नसतो, खिडकीतून आलेलं ऊन नसतं.

"आई, ही तारीख कुणाची आहे?"

आई डोक्याचं कापड पुन्हा घट्ट करू लागली.

"अलाबाची ना?"

"तिची वर्षं तशीच पडून आहेत," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव सांगताना असतो तसा. "अडीच वर्षंच काय ती वापरली तिनं. बाकी कुणी हात लावला नाही. परक्याकडून चोरत नाही आपण. घरातलीच आहेत. घे."

अलाबा गोवराने गेली तेव्हा इदोवू पाच वर्षांची होती. लेकराची कबर आईबापाने बघायची नसते, अशी त्यांच्यातली रीत. म्हणून मामा पहाटे अलाबाला पुरायला कुठेतरी घेऊन गेले आणि कुठे नेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जन्माचा दाखला काढलेला नव्हता, फोटोही नव्हता. पांढऱ्यावर काळं असं तिचं कुठे काहीच नव्हतं. होती ती फक्त आईच्या डोक्यात, एका रविवारच्या तारखेत. आणि तीही आई आज देऊन टाकायला निघाली होती, एका डबाबंद ओगीच्या नोकरीसाठी.

तिला राग आला. आईचा नव्हे. पंच्याण्णवपाशी यादी कापून टाकणाऱ्या, कुठल्यातरी थंडगार खोलीत बसलेल्या त्या माणसाचा आला. त्याने नुसतं बोट उचललं असेल, आणि इथे एक म्हातारी आपली मेलेली मुलगी मोडून द्यायला आली होती.

"बाई, ते खोडा," इदोवू म्हणाली. "माझी तारीख लिहा. आठ जून ब्याण्णव."

"वेडी आहेस का?" आई स्टुलावरून उठली. "मुदत आज चारला संपते. मी देतेय ना? मी आई आहे, मला देता येतं."

"तुला देता येतं, मला घेता येत नाही. माझ्या फ्रॉकचा घोळ धरून ती चालायला शिकली, आई. या अंगणात नि त्या अंगणात. मी तिच्याएवढी कशी होऊ? मग तिला चालवलं कुणी?"

आई उभीच राहिली. मग ती हळूहळू खाली बसली आणि पोशाखाच्या टोकाने तिने चेहरा पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला.

टायपिस्ट बाईने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "पोरी, खऱ्या वयाचं ॲफिडेव्हिट आजवर माझ्याकडे कुणी मागितलं नाही. खऱ्याला शपथ कशाला लागते?"

"माझ्या खऱ्यावर मशीनचा विश्वास नाही. तुम्ही लिहा."

बाईने लिहिलं. प्रिंटरकडे हात नेणार तोच आई म्हणाली, "खाली अजून एक ओळ बसेल का?"

"बसेल की. काय लिहू?"

"हिच्या पाठीवर अलाबा. जन्म एकोणीस फेब्रुवारी पंच्याण्णव. रविवार."

"इया, असलं काही कायद्याला लागत नाही."

"मला लागतं."

बाईने एकवार इदोवूकडे पाहिलं आणि ओळ टाइप केली. रविवारसकट.

आत शपथ देणाऱ्या साहेबांना घाई होती. त्यांनी बायबल पुढे सरकवलं आणि वर न बघताच विचारलं, यातला मजकूर खरा आहे ना.

"सगळा," आई म्हणाली.

"सगळेच तसं म्हणतात," साहेब म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर आईने कागदाची घडी घालून कमरेच्या गाठीत खोचली. "आता? ते मशीन ऐकेल का याचं?"

"नाही. मशीनकडे जायचंच नाही. कारखाना लागोसच्या रस्त्याला आहे. मी जाते. तू घरी जा, ओगी झाकायची राहिलीय."

"ओगी कुठे पळून जातेय?" आई म्हणाली आणि तिनेच हात करून टॅक्सी थांबवली. चौघांच्या जागेत सहा जण बसले होते, त्यात आई शिरली आणि तिने इदोवूलाही ओढून घेतलं.

कारखान्याच्या फाटकावर पिकल्या दाढीचा पहारेकरी होता. इदोवूने कामाचं सांगताच त्याने पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. "अर्ज ऑनलाइन. इथे घेत नाहीत."

"ऑनलाइन गेले होते, काका. तिथे माझं साल ठेवलेलं नाही. ते सांगायलाच आलेय."

"ते मला सांगून काय उपयोग?"

"तुम्हाला नाही. ज्यांनी यादी केली त्यांना. तुम्ही फक्त आत फोन लावा. म्हणा, लहानपणापासून ओगी करणारी, पदवीवाली बाई आलीय, वय तेहेतीस. वास घेऊन तुमचा माल सांगते म्हणावं, बरा आहे की वाईट."

पहारेकरी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाहुण्यांची वही पुढे ढकलली. "आधी यात लिहा. लिहिल्याशिवाय फोन नाही." वहीत रकाने आखलेले होते आणि सगळे रिकामे होते, वाटेल ते लिहिता येण्याजोगे. इदोवूने नाव लिहिलं, आणि कामाच्या रकान्यात जन्मसालासकट सगळं लिहिलं. ब्याण्णवचे आकडे तिने जरा मोठेच काढले.

त्याने फोन लावला, बराच वेळ हो हो केलं आणि ठेवला. "भरतीवाल्या मॅडम मीटिंगमध्ये आहेत. कधी सुटतील सांगता येत नाही. बघा, थांबायचं तर थांबा."

"थांबणार," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्याने आपल्या खोलीतून बाक ओढून सावलीत आणला. मग वही जवळ घेऊन वाचली आणि त्याला हसू फुटलं. "इदोवू होय! तरीच म्हटलं एवढा हट्ट कुठून आला. मग इया, तुम्ही जुळ्यांच्या आई." तो आईकडे वळला. "आणि अलाबा कुठंय?"

इदोवू आईकडे वळली.

आईने कमरेची गाठ सोडली, कागद काढला आणि मांडीवर ठेवून तळहाताने नीट सपाट केला. शेवटच्या ओळीखाली तिने बोट ठेवलं.

"ही काय, इथे आहे," ती म्हणाली. "वाचा. जरा मोठ्यानं वाचा."