देवाला हाकललं त्याची गोष्ट

मी हिरू तांडेल, चिंचणीचा. डोकं माझं तापट, आणि त्याची मला लाजबिज काही नाही. खाडीच्या तोंडाशी बेटावर आमच्या गावाने रिसॉर्ट उभं केलंय, तिथे पाहुण्यांची ने-आण माझ्या होडीतून होते. कुडाच्या खोल्या आमच्या माणसांनी बांधल्या, रांधतात आमच्या बायका, आणि मागे जखमी कासवांची टाकी आहे. त्या टाकीची कारभारीण माझी पोरगी, प्राजक्ता. "एवढं शिकून कासवं सांभाळणार?" म्हणून आधी मीच ओरडलो होतो. आता होडी काठाला लागायच्या आत पाहुण्यांना सांगतो, ती बघा, गमबूट घातलेली, ती माझी पोरगी.

यंदा फाटक्या जाळ्यात अडकलेलं एक मोठं कासव आलं. तीन महिन्यांत जखम भरली, पण ते काही बुडी मारेना, वरच तरंगत राहायचं. तपासायला योगिता डॉक्टरीणबाई आल्या. "आत काही बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "पण खाली जाता येत नसेल तर समुद्रात उपाशी मरेल. पंधरा दिवस बघू. नाहीतर शहरातल्या मत्स्यालयात पाठवू, ते कायमचंच." प्राजक्ताचा चेहरा एवढासा झाला. काचेत ठेवायला का तिने त्याला जगवलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला टाकीपाशी पकडलं. कासव म्हणजे आमच्याकडे देव. जाळ्यात आलं तर हळद-कुंकू लावून, नारळ देऊन समुद्रात सोडायचं, ही आमची रीत. म्हणून मी रोज हात जोडून मूठभर मांदेली मासळी त्याच्या तोंडात भरवायचो.

"बाबा! तू हे रोज करतोस?"

"रोज. देवाचा नैवेद्य काय तळाशी भिरकावून द्यायचा?"

"अरे देवा! मी तळाशी टाकलेलं हे का खात नाही, ते आत्ता कळलं. वरच पोट भरतंय, खाली कशाला जाईल?"

मी भडकलो. चाळीस वर्षं दर्यात काढलेल्या माणसाला ही शिकवणार! तेवढ्यात कासवाकडे लक्ष गेलं. मान वर, तोंड उघडं, माझ्याकडेच बघत होतं. भरलेली मूठ मी मागे घेतली.

मी होडीचा लांब बांबू आणला, टोकाला चीर पाडून मांदेली अडकवली आणि पाण्यात धरली. बांबू माझ्या हातात, म्हणजे भरवलं मीच की! रोज वीतभर खाली. पहिले चार दिवस महाराज ढिम्म. मी शिव्या द्यायचो, मग कान धरून माफी मागायचो. नवव्या दिवशी ते हातभर खाली गेलं. चौदाव्या दिवशी तळाला टेकलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. प्राजक्ताने तळाशी मासे ठेवले आणि मी दिसलो तर ते वरच येईल म्हणून मला स्वयंपाकघरामागे पिटाळलं. थोड्या वेळाने ती ओरडली, "बाबा, खाली गेलं! आपलं आपण गेलं!"

"हे जमवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"बिघडवलंही यांनीच," पोरगी म्हणाली, "आणि जमवलंही यांनीच." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

सोडायच्या दिवशी अख्खं गाव होड्यांत. प्राजक्ताने हळद-कुंकू लावलं, नारळ वाहिला, आणि आम्ही कासव पाण्यात सोडलं. दहा हात गेलं, आणि वळून माझ्या होडीशी आलं. मान वर, तोंड उघडं.

"द्या हो एक मांदेली," रांधणारी कमळी कळवळली. "देव मागतोय!"

टोपली पायाशीच होती. माझा हात तिकडे गेलाही. मग मी दोन्ही हात काखेत दाबले आणि ओरडलो, "चल, चालता हो! इथे काही मिळायचं नाही!" देवाला असं बोललो मी. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

ते जरा वेळ थांबलं. मग मान खाली घातली आणि बुडी मारली.

आम्ही बघत बसलो. पाणी हलेना.

"बाबा, मागायला वर नाही आलं," प्राजक्ता हळूच म्हणाली.

"यायचं नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "माझ्या पोरीचं कासव आहे ते."