कप्तान पेरिये

सरकारी दप्तरखान्यातल्या कदिरवेल यांनी जुन्या दप्तराची सुती फीत सोडली, गठ्ठ्यावर हलकेच फुंकर घातली आणि लाकडी पट्टी यूजेनच्या हातात दिली.

"पान बोटानं उलटायचं नाही, तंबी. पट्टी खालून सरकवायची. कागद तुमच्या आजोबांपेक्षा म्हातारा आहे."

यूजेनने मान हलवली. वडील जाऊन तेवीस दिवस झाले होते, आणि या तेवीस दिवसांत जे जे सांगण्यात आले ते त्याने असेच मान हलवून केले होते. शवपेटीचे लाकूड निवडले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला. वडिलांचे बूल खेळायचे लोखंडी गोळे तेल लावून पेटीत ठेवले. रडू मात्र आले नव्हते. लोक खांद्यावर हात ठेवत तेव्हा तो हात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडल्यासारखा वाटे.

आता एक काम उरले होते. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, सारे गाव थडगी धुऊन फुले वाहते. त्याआधी दगड बसायला हवा होता. आरोक्यम मेस्त्रीने वरची ओळ कोरून ठेवली होती: गास्तों पेरिये. खालची ओळ अत्तैने, वडिलांच्या थोरल्या बहिणीने, ठरवली होती: 'सां-मालोच्या कप्तान पेरिये यांचा वंशज'. पण नुसते 'कप्तान' बरे दिसत नाही, त्याचे पाळण्यातले नाव आणि जन्मसाल हवे, असे मेस्त्रीचे म्हणणे पडले. आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते.

"कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं नाही," मेस्त्री म्हणाला होता. "त्यात हे पेरिय माणसांचं काम. चुकून चालायचं नाही."

हा विनोद पाँडिचेरीच्या त्या गल्लीत तीन पिढ्या चालत आला होता. आडनावाच्या फ्रेंच स्पेलिंगात दोन 'ल' होते, पण फ्रेंच जिभेवर त्यांचा 'य' होई, म्हणून पेरिये. आणि तमिळमध्ये पेरिय म्हणजे मोठा. त्यांच्या तीन खोल्यांच्या घराला शेजारी मोठ्यांचे घर म्हणत. वडील त्यावर जराही रागावत नसत. दिवाणखान्यातल्या जहाजाच्या चित्राकडे बोट दाखवून ते पाहुण्यांना फ्रान्सच्या सां-मालो बंदरातून जहाज घेऊन आलेल्या कप्तानाची गोष्ट सांगत. ती त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. पण दर नाताळात ते तिच्यात काहीतरी नवे घालत. एका वर्षी कप्तान एका पायाने लंगडा झाला. दुसऱ्या वर्षी त्याला शिव्या देणारा पोपट मिळाला.

"सापडलं," कदिरवेल म्हणाले. "अठराशे ब्याऐंशी. याच्या मागं तुमचं आडनाव कुठंच नाही."

"याच्या मागं असणारच. आमचा कप्तान..."

"हे वाचा आधी. जातीचा कायदा सोडून फ्रेंच कायदा पत्करला त्यांच्या या नोंदी. तेव्हा आडनाव घ्यावंच लागायचं. कुणी पाद्र्याचं घेतलं, कुणी आपल्या साहेबाचं."

यूजेन ओणवा झाला. छापील मजकुराच्या मोकळ्या जागा तपकिरी शाईने भरल्या होत्या. सवरिमुत्तु, वय अंदाजे तीस, धंदा कातडी कमावणे. वडिलांचे नाव अज्ञात. सही म्हणून एक फुली. नव्या आडनावाच्या रकान्यात सुरुवात 'पेरिये'चीच होती, दोन 'ल'ही होते, पण शेवटची अक्षरे निराळी होती. त्याने ती एकेक करून मनात उच्चारली आणि तो थांबला.

समासात दुभाष्याने बारीक तमिळ अक्षरांत काही लिहिले होते. कदिरवेल यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सवयीने ते मोठ्याने वाचू लागले. अर्ध्यावर त्यांचा आवाज उतरला.

"कुटुंबाचं नाव काय, असं विचारलं असता, पेर इल्लै म्हणाला."

पेर इल्लै. नाव नाही.

फ्रेंच कारकुनाने ऐकले तसे उतरवले होते, एवढेच. पुढच्या कुणा कारकुनाने शेवटची अक्षरे फ्रेंच वळणाची केली असतील. दोन 'ल' जागच्या जागी राहिले आणि मुलानातवंडांच्या तोंडी त्यांचा 'य' झाला. यूजेन बराच वेळ त्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाकडे पाहत राहिला. म्हणाला. म्हणाले नव्हे.

"चहा सांगू?"

"नको."

"घ्या, तंबी. या दप्तरात तुमचा एकट्याचाच कप्तान बुडालाय असं नाही."

यूजेनने पट्टी टेबलावर ठेवली. कदिरवेल यांनी गठ्ठा मिटून मागचा पुठ्ठा वर केला. तिथे दप्तर पाहणाऱ्यांनी नाव लिहावे म्हणून एक कागद चिकटवलेला होता.

"इथं सही. नियम आहे."

कागदावर एकच सही होती. १४ मार्च १९८९. गास्तों पेरिये. पहिल्या अक्षराची शेपटी खाली उतरून साऱ्या नावाखालून गेलेली, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर यूजेनने वर्षानुवर्षे पाहिलेली.

त्याच्या जन्माच्या सात वर्षे आधीची. म्हणजे कप्तानाची गोष्ट त्याने जितक्या वेळा ऐकली, तितक्या वेळा ती या सहीनंतर सांगितलेली होती. लंगडा पायही. पोपटही.

"ओळखीचे?" कदिरवेल यांनी विचारले.

"हो," यूजेन म्हणाला आणि त्याखाली त्याने आपली सही केली.

घरी अत्तै खिडकीशी बसून कालचा पाव कॉफीत बुडवत होती. दात उरले नव्हते म्हणून नाही, तिला तो तसाच आवडे. यूजेन सरळ न्हाणीकडे गेला. दप्तराची लाल धूळ बोटांच्या पेरांत बसली होती. त्याने साबण घेतला.

"सापडला का कप्तान?" अत्तैने बसल्या जागेवरून विचारले.

"सापडला, अत्तै."

"नाव?"

"एतियेन." नाव इतके सहज आले की त्यालाच नवल वाटले. "जन्म सतराशे एकेचाळीस."

"लंगडा होता?"

"तसं लिहिलंय."

"आणि पोपट?"

"पोपटाचं काही नाही."

"सरकारी कागद," अत्तै म्हणाली. "त्यांना पोपट कुठला कळायला."

यूजेनने हात पुन्हा साबणाने माखले, पुन्हा धुतले. मग अत्तै त्याच आवाजात म्हणाली,

"तुझा अप्पाही तिथून आला तेव्हा त्यानं असाच साबण संपवला होता."

यूजेनने साबण जागेवर ठेवला.

"त्यानं मला कप्तानाचं नाव एदुआर सांगितलं होतं," अत्तै म्हणाली. "मी म्हटलं, छान नाव आहे."

त्याने नळ बंद केला. टॉवेल खुंटीवर होता, तरी तो ओल्या हातांनीच बाहेर आला आणि दारात उभा राहिला. अत्तैने कॉफीत पडलेला पावाचा तुकडा चमच्याने काढला.

"उद्या आरोक्यमकडे जा. म्हणावं, खालची ओळ राहू दे. नाव आहे तेवढं पुरे."

"जागा रिकामी दिसेल, म्हणेल तो."

"दिसू दे की. तिथं फुलं ठेवता येतील."

तिने पायाने समोरची खुर्ची पुढे ढकलली. यूजेन बसला. समोरच्या भिंतीवर जहाज होते. शिडे फुगलेली, काच एका कोपऱ्यात तडकलेली.

"आता सांग," अत्तै म्हणाली. "तुझा एतियेन दिसायला कसा होता?"

यूजेनने जहाजाकडे पाहिले, मग मांडीवरच्या ओल्या हातांकडे.

"अप्पांसारखा," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द सापडायला त्याला बराच वेळ लागला.