उणे एकतीस ते अधिक दोन

उणे एकतीस

जंगलाकाठच्या त्या गावातून हार्बिनची बस सकाळी सातला सुटायची, आणि युफेन सहापासूनच डिकीशी ठाण मांडून उभी होती. हातात जाड पोतं. पोत्यात अंगणातल्या बर्फात महिनाभर पुरून ठेवलेल्या नासपती. कोळशासारख्या काळ्या, दगडासारख्या टणक.

"मावशी, आत बसा की! गोठाल," ड्रायव्हर म्हणाला.

"आधी हे डिकीत टाक. आणि इंजिनापासून लांब."

"बॉम्ब आहे की काय?"

"लेकीचं जेवण आहे."

खोटं नव्हतं ते. लेक, लिंगयू, तिकडे दूर दक्षिणेकडे, जिनानला. तिसरा महिना लागला होता आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. दोनदा सलाईन लावून झालं. परवा फोनवर रडत म्हणाली, "आई, आपल्या अंगणातली गोठलेली नासपती असती ना, तर खाल्ली असती." जावई बाजारातून घेऊन आला, तिने वास घेतला आणि न्हाणीकडे पळाली. कुरिअरने धाडल्या तर वाटेत विरघळणार, आंबणार, पोचेपर्यंत त्यांचं व्हिनेगर होणार.

म्हणून युफेनच निघाली.

उणे चोवीस

हार्बिन. पोत्यावर बोट ठोकलं. टक टक. झकास.

अधिक सव्वीस

हे रेल्वेच्या डब्यातलं तापमान.

बासष्ट वर्षं युफेनने वस्तू गोठू नयेत म्हणून धडपड केली होती. बटाटे, कोबी, नळाचं पाणी, नवऱ्याचे कान. एखादी वस्तू विरघळेल, ही काळजी तिच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. आता समोर लोक बनियनवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते, आणि उकळत्या पाण्याने भरलेले नूडल्सचे डबे घेऊन माणसं अंग चोरत ये-जा करत होती. तिने पोतं खालच्या बर्थखाली सरकवलं.

"ताई, तिथून हीटरची नळी जाते हो," त्या बर्थवरचे पांग मास्तर म्हणाले. निवृत्त शिक्षक, खिशात सिगरेटचं पाकीट.

युफेनने पोतं असं खेचलं की मास्तरांचा चहा सांडला.

मग ती दोन डबे जोडतात तिथे गेली. दारावर आतून बोटभर हिमाचा थर. स्वर्गच! पोतं टेकवलं, तोच डब्याची अटेंडंट हजर.

"इथे सामान ठेवायचं नाही."

"बाई गं, हे सामान नाही, फळं आहेत."

"फळांनाही माणसं अडखळतात, काकू. उचला."

उणे एकोणीस

चांगछुन, आठ मिनिटं. सगळे सिगरेट ओढणारे फलाटावर उतरले. पांग मास्तरांच्या एका हातात सिगरेट, दुसऱ्या हातात पोतं.

"मी धूर खातो, तुमचं पोतं हवा खातंय."

"दोन ओढा, मास्तर. घाई करू नका," युफेन दारातून म्हणाली.

"माझ्या बायकोनं हे ऐकायला हवं होतं!"

पलीकडे अटेंडंट लोखंडी सळईने पायऱ्यांवरचा बर्फ फोडत होती. ठण्ण, ठण्ण.

अधिक सव्वीस, पुन्हा

युफेनने वरची नासपती दाबली. अंगठा आत गेला.

फोनवर लेकीचा निरोप: "आई, आज पेजही उलटून पडली. तू नीट झोप हं."

युफेनने उत्तर पाठवलं: "झोपलेच आहे."

उणे चौदा

शेनयांग. मास्तर घोरत होते, म्हणून ती स्वतः उतरली, पोतं पोटाशी धरून.

"काकू! चपलांवर?" अटेंडंट सळई टाकून धावली.

"मोजे आहेत की."

"आहे तरी काय त्यात एवढं?"

युफेनने सांगितलं. लेक, तिसरा महिना, सलाईन, अंगठा आत गेला ते. सांगता सांगता नाक पुसलं आणि म्हणाली की हे थंडीमुळे.

"अंगणातल्या? बर्फात पुरलेल्या?" अटेंडंटचा आवाज खाली आला. "मी चियामुसीची, तुमच्याच बाजूची. चार वर्षांत तोंडाला लागल्या नाहीत." मग ती एकदम खेकसली, "बघत काय उभ्या राहिलात? नासपती दुहेरी पिशवीत घाला. हा बर्फ चाकांजवळचा आहे, घाण आहे."

तिने पायऱ्यांखालची ढेकळं फोडून बादली भरली, मधोमध पिशवी खुपसली, आणि बादली नेऊन ठेवली तिथेच, डबे जोडतात त्या कोपऱ्यात.

"इथे चालतं?"

"सामान चालत नाही. ही रेल्वेची बादली आहे."

युफेनने एक नासपती काढून तिच्या कोटाच्या खिशात घातली. ती नको म्हणाली नाही.

तापमान कोणी पाहिलं नाही

युफेन चौथ्यांदा बादलीपाशी गेली तेव्हा अटेंडंट डोळे न उघडताच म्हणाली, "झोपा आता, काकू. कडक आहेत."

अधिक दोन

जिनान, स्टेशनबाहेर. लिंगयूचा कोट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. शेजारी जावई, हातात प्लास्टिकचं घमेलं. हल्ली ते घेतल्याशिवाय दोघं घराबाहेर पडत नसत.

"घरी जाऊन खा," युफेन म्हणाली.

"इथेच."

लिंगयूने साल दातांनी टोचली आणि रस ओढला. युफेनला बघवेना. ती खांबाकडे तोंड करून गाड्यांचं वेळापत्रक वाचू लागली. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग खालून वर.

"आई."

"काय गं?" मागे न वळता.

"हिच्यात मधे अजून बर्फ आहे."

"मग?"

"मग काय, दुसरी दे."

जावयाने घमेलं उपडं करून झटकलं, बाहीने पुसलं, आणि नासपती ठेवायला पुढे धरलं.