खंडेनवमीला पुसलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुनी चुंबकीय फीत आहे आणि माझ्यात अख्ख्या तालुक्याचं अमरत्व साठवलेलं होतं. म्हणजे सभासदाचं नाव, गाव आणि उसाच्या लागणीची तारीख.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याने आपलं काम पुण्याच्या संगणकावर सोपवलं. मूळ फीत पुण्यात राहिली. तिला काही झालंच तर असावी म्हणून माझ्यावर नक्कल उतरवून मला कारखान्याच्या कपाटात ठेवलं. आधी कुणाचा ऊस तोडायचा हे आता यंत्र सांगणार, म्हणून जुन्या वह्या रद्दीत गेल्या.

कपाट सांभाळायला सयाजी हवालदार होते. साताऱ्याचे, पलटणीतून निवृत्त. खंडेनवमीला त्यांनी हत्यारांच्या पूजेत मलाही घेतलं.

"डब्यातनं भाईर काढा तिला. कोंडलेल्या हत्याराची पूजा हुती व्हय?"

"हवालदार, कुंकू जपून हं," हेडक्लार्क जिनपाल म्हणाले.

कुंकू जपूनच लावलं. चौरंगावर जागा नव्हती, म्हणून मला लाऊडस्पीकरच्या पाठीवर टेकवलं. त्या पाठीत भलंमोठं चुंबक होतं. वर आरती चालली होती आणि माझ्यातली माणसं निमूट पुसली जात होती. फितीला ओरडता येत नाही.

दिवाळीनंतर पुण्याच्या यंत्राने मूळ फीत चावून तोडली. मला घाईने तिकडे नेलं. यंत्राला माझ्यात एकही नाव सापडलं नाही.

पाळी कुणाची ते कळेना. ज्यांचा आवाज मोठा, त्यांच्याकडे तोडणीची टोळी आधी गेली. अंबूबाई कचेरीत आल्या तेव्हा त्यांच्या उसाला तुरे येऊन त्यातली साखर उतरू लागली होती.

"मावशी, यंत्रात तुमचं नाव नाही," जिनपाल म्हणाले.

"माजं कवा हुतं? मालकांचं बघा. नाथाजी."

"त्यांचंही नाही."

"आवं, त्ये आषाढात गेलं. पर ऊस उभा हाय न्हवं! चला, दावते."

कुणी उठलं नाही. यादीशिवाय टोळी कशी पाठवणार?

मित्रांनो, यंत्राला दिसत नसले तरी नाथाजी माझ्यात आहेत. बाकीचेही आहेत. रांगेत उभे आहेत, हाक आली की "व्हय" म्हणायला. हाक येत नाही. म्हणून सांगते, आम्हा फितींची पूजा करू नका. आमच्यात काय आहे, ते अधूनमधून वाचून बघा.

अंबूबाईंनी ऊस शेजारच्या गुऱ्हाळाला घातला. तिथे नाव विचारत नाहीत.